विदर्भातल्या गावात माळीकामाचा वर्ग सुरू करायचा असेल तर

ताडोब्याच्या मोहर्ली गेटजवळचं रिसॉर्ट बघा, पेंचच्या सिल्लारीकडचं बघा, नाहीतर बुटीबोरीच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचं आवार बघा. शोभेची झाडं सगळीकडे आहेत. पण त्यातली बरीचशी रोपं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून किंवा पुण्याकडून ट्रकनं येतात. कडियमच्या दमट हवेत वाढलेलं रोप आपल्याकडे मार्चमध्ये उतरवलं की मेच्या 45 अंशांत करपतं. मग मालक नवा ट्रक मागवतो आणि माळीही बाहेरूनच आणतो. रिसॉर्टच्या कुंपणापलीकडे मात्र निंदण-डवरणीत आयुष्य घालवलेली माणसं वर्षातले चार-पाच महिने कामाविना असतात. मातीत हात घालायला त्यांना शिकवावं लागत नाही. त्यांना कलम करणं, मोजमाप, सफाई आणि दर सांगणं शिकवायचं. एवढं केलं तर हे काम गावात राहू शकतं, अशी माझी पक्की खात्री आहे. बचत गट, ग्रामपंचायत, शाळा, छोटी संस्था किंवा एखाद्या नर्सरीवाल्यानं मोठ्या माणसांसाठी असा वर्ग काढायचा ठरवलं, तर कुठून सुरुवात करावी यासाठी हा लेख आहे.

आधी काम कुठे आहे ते फिरून बघा

अभ्यासक्रम लिहायला बसण्याआधी मोटरसायकल काढा आणि गावापासून 25-30 किलोमीटरच्या टापूत फिरा. कारखाने, कोळसा खाणींच्या वसाहती, सिमेंट कंपन्या, महाविद्यालयं, दवाखाने, मंगल कार्यालयं, पेट्रोल पंप, हायवेवरचे ढाबे, देवस्थानं यांची यादी करा. प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी विचारा: झाडं कुठून आणता, माळी कोण आहे, आणि मागच्या उन्हाळ्यात किती झाडं मेली? तिसऱ्या प्रश्नावर माणूस मोकळा बोलतो. तिथेच तुमचं गिऱ्हाईकही सापडतं.

यादीवरून वर्गाचा कल ठरतो. चंद्रपूर, वणी, राजुऱ्याकडे उद्योगांच्या वसाहती जास्त, म्हणजे लॉन, हेज (कापून राखलेलं झुडपांचं कुंपण) आणि देखभाल यांवर भर द्या. नागपूरपासून तास-दीड तासावर असाल तर सीताबर्डीचा फुलबाजार हाताशी आहे, मग सुट्या फुलांना वाव आहे. शेगाव, माहूरसारख्या देवस्थानांजवळ हारांचा धंदा बारमाही असतो. तिन्ही गोष्टी एकाच बॅचला शिकवायला जाल तर एकही पक्की होणार नाही. पहिल्या वर्षी एक मुख्य आणि एक जोडीला, एवढंच ठेवा.

वर्ग कधी भरवायचा

सगळ्यात जास्त विचार इथे करा, कारण बॅच अर्ध्यात रिकामी होते ती वेळ चुकल्यामुळे. मोठी माणसं रोजी बुडवून शिकायला येत नाहीत, आणि त्यांनी तसं यावं अशी अपेक्षाही ठेवू नये.

वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाण्याकडे, सप्टेंबरअखेर सोयाबीन सोंगणीला येतं आणि त्याला लागूनच कापसाची वेचणी सुरू होते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. त्या दिवसांत बाई घरी बसली तर तिचं नुकसान थेट पैशांत होतं, म्हणून ऑक्टोबर ते जानेवारी नियमित वर्गाचं नाव काढू नका. वेचणी ओसरली की फेब्रुवारी ते एप्रिलचा मध्य हा काळ मोकळा मिळतो. धानपट्ट्यात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग, गणित वेगळं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी आणि नोव्हेंबरमध्ये कापणी असते. उन्हाळाही रिकामा नसतो: मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायची आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी बरा.

अडचण अशी, की माणसं मोकळी असतात तेव्हा झाडं कलमाला तयार नसतात. छाट कलम (कापलेली काडी मातीत लावणं) आणि गुटी (झाडावरच्याच फांदीला मुळं फोडणं) साधते जुलै-ऑगस्टच्या ओलाव्यात, हंगामी फुलांची रोपं लागतात थंडीच्या तोंडावर, आणि डोळे भरायचे, म्हणजे एका झाडाचा डोळा दुसऱ्याच्या सालीत बसवायचा, तर थंडीच हवी. म्हणून 200 तासांचा वर्ग सलग दोन महिन्यांत संपवण्याचा हट्ट सोडा आणि त्याचे तीन तुकडे करा. मोकळ्या काळातला पहिला तुकडा सर्वांत मोठा: माती, रोपांच्या पिशव्या, हत्यारं, आखणी, मोजमाप. दुसरा पावसाळ्यात, फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी बहुतेक गावांत मजूर कामाला जात नाहीत. तिसरा हिवाळ्यात, तोही बाजाराच्याच दिवशी. पूर्वेकडे मोकळा काळच थंडीत येतो, त्यामुळे तिथे पहिला आणि तिसरा तुकडा एकत्र बसतो. अशा मांडणीत वर्षभराचं चक्र शिकणाऱ्याच्या डोळ्यासमोरून जातं, आणि माळ्याला ते जायलाच हवं.

दिवसाची वेळ सकाळी 7 ते 10 ठेवा. एप्रिलमध्ये तर साडेसहाला सुरू करा. बायांना घरचा स्वयंपाक उरकून यायचं असतं, हे धरून पहिली वीस मिनिटं पाणी देणं, झाडणं अशा कामांत घाला, म्हणजे मागून येणारीचं काही चुकत नाही. आणि एक गोष्ट आधी करा: शेडपासून हाकेच्या अंतरावर पाणी असलेलं, कडी लागणारं बायांचं संडास हवं. ते नसेल तर बाया नाव नोंदवतील आणि आठवडाभरात येणं बंद करतील, पण कारण कोणी सांगणार नाही.

जागा, सावली, पाणी

वीस जणांच्या बॅचला 20 बाय 30 फुटांचं एक शेडनेट (सावलीच्या जाळीचा मांडव) आणि बाहेर दोन-तीन गुंठे मोकळी जागा पुरते. शाळेची पडीक जागा मिळाली तर उत्तम, फक्त ग्रामपंचायतीचा ठराव आणि किमान तीन वर्षांचा लेखी करार करून घ्या. लोखंडी सांगाड्यात पैसा अडकवू नका. बांबू आपल्याकडचाच आहे. खांबांची जमिनीत जाणारी टोकं डांबरात बुडवून घ्या, नाहीतर उधई एका पावसाळ्यात खाऊन टाकेल. नेट 50 टक्के सावलीची, उंची 8 ते 10 फूट. नेट कायमची ठोकू नका, दोरीनं अशी बांधा की सोडता येईल. फेब्रुवारी-मार्चच्या अवकाळीत वादळ आणि गारपीट आली की ताणलेली नेट सांगाड्यासकट उडते.

पाण्याचा हिशेब मे महिन्याचा करा, डिसेंबरचा नको. विहीर किंवा बोअर मेमध्ये किती वेळ चालते ते गावातल्या म्हाताऱ्या काकाजींना विचारा. ते जे सांगतील तेवढ्यात बसतील इतक्याच पिशव्या भरा.

हत्यारांत काटकसर करा पण सिकेटरमध्ये, म्हणजे फांद्या कापायच्या कात्रीत, नको. स्वस्त सिकेटर फांदी कापत नाही, चेंगरतं, आणि चेंगरलेली काडी कुजते. वीस जणांत 10 चांगली सिकेटर, 10 कलमाचे चाकू, प्रत्येकाला एक खुरपं, 4 फावडे, 6 घमेली, 2 टिकास, एक सब्बल, बारीक भोकांच्या 4 झाऱ्या, हेज कापायच्या 4 कात्र्या, 30 मीटरचे 2 टेप. सिकेटर प्रत्येक झाडानंतर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा.

माती आणि पिशवी

आपली काळी माती वावरात सोनं आहे, पण पिशवीत तीच त्रास देते. ओली असताना चिकट, वाळली की भेगा पडतात आणि मुळं तुटतात. बाहेरच्या पुस्तकातलं दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू हे प्रमाण काळ्या मातीला तसंच लावू नका. एक भाग काळी माती, एक भाग चाळलेला मुरूम किंवा वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत घ्या. धानपट्ट्यात तूस फुकट मिळतो, तो थोडा मिसळला तर पिशवी हलकी होते.

तपासायची रीत शिकणाऱ्यांच्या हातांनीच करून घ्या. मिश्रण ओलं करून मुठीत दाबायचं आणि मूठ उघडायची. गोळा बनला आणि बोटानं टोचताच फुटला, तर जमलं. गोळा फुटत नसेल, हातावर वळी वळत असेल, तर वाळू कमी आहे. गोळा बनलाच नाही तर खत वाढवा. पहिल्या सकाळी प्रत्येकाला आपापलं घमेलं देऊन हे करायला लावा. वीस घमेल्यांतून वीस वेगळे गोळे निघतात, त्यांवर जी चर्चा होते ती फळ्यावरच्या तासापेक्षा कितीतरी मोलाची असते.

शेणखत कच्चं असेल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. उन्हाळ्यात पिशव्यांवर आणि वाफ्यांवर सोयाबीनच्या कुटाराचं आच्छादन घाला. ते घरोघरी असतं.

चुनखडीच्या जमिनीत एक तक्रार हमखास येते: एक्झोरा, अनंत, गुलाब यांची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. जमिनीचा सामू (पीएच) जास्त असल्यानं झाडाला लोह उचलता येत नाही, म्हणून हे होतं. लोक युरिया टाकत सुटतात, त्यानं काही होत नाही. 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि 1 ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक अ‍ॅसिड) मिसळून संध्याकाळी फवारा. एवढं ज्या माळ्याला ओळखता येतं, त्याला मालक सोडत नाही.

झाडं कोणती शिकवायची

आपल्या उन्हात टिकणाऱ्यांपासून सुरुवात करा: बोगनवेल, टिकोमा, तगर, जास्वंद, चाफा, सदाफुली, डुरांटा, अकॅलिफा, लँटाना. मोठ्या झाडांत बहावा, कांचन, पळस आणि आपलं राज्यफूल ताम्हण. ताम्हणाला पाणी लागतं, ते पूर्वेकडे जास्त खुलतं. घरात ठेवायची नाजूक पानाची झाडं दुसऱ्या वर्षी बघू. प्रत्येक रोपाला गावातलं नाव आणि बाजारात चालणारं नाव अशी दोन्ही देवनागरीत लिहिलेली पाटी लावा, कारण कारखान्याचा साहेब बाजारातल्याच नावानं मागतो.

मातृवृक्षांची, म्हणजे कलमाच्या काड्या द्यायला राखलेल्या झाडांची, एक रांग पहिल्याच पावसाळ्यात लावा. दरवर्षी काड्या मागत फिरण्यात वर्गाची शक्ती जाते.

कलमं: इथे घाई नको

वर्गाचा गाभा हाच. जास्वंद किंवा तगरीपासून सुरू करा. पेन्सिलीएवढ्या जाडीची, ना फार कोवळी ना जून, 15 ते 20 सेंटिमीटर लांब काडी घ्या, तिच्यावर तीन-चार डोळे (कोंब फुटायच्या जागा) हवेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरपा. वरचा काप डोळ्याच्या थोडा वर, सरळ. यानं दोन गोष्टी साधतात: मुळं डोळ्याजवळून फुटतात, आणि काडी उलटी खोचली जात नाही. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा, तीही अर्धी कापून. खालचं टोक मुळं फुटण्याच्या पावडरीत बुडवून झटका, आधी काडीनं भोक पाडा आणि मग खोचा, नाहीतर पावडर तोंडाशीच पुसली जाते. दोन डोळे मातीत गेले पाहिजेत. बोटांनी बाजूनं घट्ट दाबा आणि झारीनं पाणी द्या.

मग 30 ते 45 दिवस हात लावायचा नाही. नव्या माणसाला काडी उपटून मुळं आली का बघायचा मोह होतोच. त्यासाठी प्रत्येक रांगेत दोन काड्या 'बघायच्या' म्हणून वेगळ्या लावा, बाकीच्या वाचतात. बोगनवेलीची मुळं फार ठिसूळ असतात. तिच्या काड्या वाफ्यात न लावता थेट पिशवीत लावा, म्हणजे पुन्हा उपटून लावायची वेळच येत नाही.

गुटी क्रोटन आणि रबराच्या झाडावर शिकवा. जुलैत पेन्सिलीपेक्षा जाड फांदी निवडायची, अडीच सेंटिमीटरची साल गोल काढायची आणि आतला बुळबुळीत थर चाकूच्या पाठीनं खरवडायचा. तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळं येत नाहीत. ओलं शेवाळ (मॉस) पिळून लावा, प्लॅस्टिकनं गुंडाळा आणि दोन्ही टोकं घट्ट बांधा. पाच-सात आठवड्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागतात, तेव्हा कापा. गुलाबाचे डोळे हिवाळ्यात भरायला शिकवा. त्यात हात बसायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीचा सराव वाया जाणार हे धरूनच चाला.

दसऱ्याचा झेंडू

पहिल्या बॅचला हाती पैसा लवकर दिसावा म्हणून झेंडू घ्याच. इथे तारखेला सगळं महत्त्व आहे. दसरा 2023 मध्ये 24 ऑक्टोबरला होता आणि 2025 मध्ये 2 ऑक्टोबरला. म्हणजे मागच्या वेळची तारीख धरून बी टाकलं तर फूल बाजार उठल्यावर येतं. भिंतीवर कॅलेंडर लावा आणि शिकणाऱ्यांकडूनच उलटं मोजून घ्या: उंच, मोठ्या फुलाच्या झेंडूसाठी दसऱ्याच्या सुमारे 90 दिवस आधी बी गादीवाफ्यावर, 25 ते 30 दिवसांनी पुनर्लागण, त्यानंतर महिनाभरानं शेंडा खुडणं. वाणानुसार आठ-दहा दिवस पुढेमागे होतात, म्हणून दोन वेगवेगळ्या दिवशी बी टाका. मागची तुकडी दिवाळीला कामी येते. पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचून मूळकुज होते, सरी-वरंब्यावरच लावा.

फवारणी आणि विषारी झाडं

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. आपल्या भागात हा तास कधीही गाळू नये. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग दाखवा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. वारा तोंडावर येईल असं उभं राहून फवारायचं नाही, उपाशीपोटी फवारायचं नाही, दोन औषधं मनानं मिसळायची नाहीत. शोभेच्या बागेत लहान मुलं खेळतात, त्यामुळे शक्य तिथे निंबोळी अर्क आणि हातानं किडकं पान काढणं यावरच भागवा. माझ्या मते वर्गाच्या शेडमध्ये लाल त्रिकोणाचा डबा असताच कामा नये.

त्याचबरोबर कोणतं झाड कुठे लावू नये हेही शिकवा. कण्हेर आणि बिट्टी उन्हात तगतात म्हणून सर्रास लावली जातात, पण दोन्ही विषारी आहेत. शाळा, अंगणवाडी आणि गुरं चरतात तिथे ती नकोत. माळ्यानं हे मालकाला स्वतःहून सांगावं.

मोजमाप, दर, बिल

यात आपली माणसं मार खातात. काम उत्तम करतात आणि मजुरीवर सोडून देतात. टेप घेऊन शाळेचं मैदान मोजायला लावा. चौरस फूट काढायचे, हरळी 10-15 सेंटिमीटरवर खोचली तर किती लागेल ते काढायचं, खतमाती किती, माणसं किती, दिवस किती, आणि त्यावर आपला नफा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची जोडी शाळा शिकलेल्या कोणाशी लावा. तोंडी हिशेबात अशा बाया बहुधा पुढेच असतात. देखभालीचा दर महिन्यावर ठरवायचा, त्यात पाणी कोणाचं, खत कोणाचं, मेलेलं झाड बदलायचं कोणी, हे साध्या कागदावर लिहून सही घ्यायची. सरावासाठी ग्रामपंचायत किंवा एखाद्या मंगल कार्यालयाचं खरंखुरं छोटं काम घ्या आणि त्याचे पैसे शिकणाऱ्यांना द्या. फुकट श्रमदानावर वर्ग चालवू नका.

शिकवणारे, प्रमाणपत्र, पैसा

शिकवायला दोन माणसं हवीत: हातानं काम केलेला जुना माळी, एखाद्या वसाहतीतून निवृत्त झालेला मिळतो, आणि कारण समजावून सांगणारा कृषीचा माणूस. दुसऱ्यासाठी जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा: वर्ध्याला सेलसुरा, चंद्रपूरला सिंदेवाही, गडचिरोलीला सोनापूर, वाशीमला करडा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात फुलशेती आणि उद्यानरचनेचा विभाग आहे, नागपूरचं कृषी महाविद्यालयही त्याच विद्यापीठाचं. बॅच घेऊन एक दिवस तिथे जाऊन या.

प्रमाणपत्रासाठी भारतीय कृषी कौशल्य परिषदेचे माळी आणि फुलशेतीचे अभ्यासक्रम आहेत. आधीपासून काम येणाऱ्यांना पूर्वज्ञानाच्या आधारे परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळण्याची सोयही कौशल्य योजनेत आहे. ज्यांना पुढे शिकायचं आहे त्यांना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा रस्ता दाखवा. पैशासाठी तीन दारं: जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, जन शिक्षण संस्थान (शाळा सुटलेल्यांसाठीच ते आहे), आणि बाया बचत गटात असतील तर उमेद, म्हणजे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान. नियम आणि वयाच्या अटी बदलत राहतात, म्हणून प्रत्यक्ष जाऊन विचारा आणि लेखी घ्या. सरकारी मंजुरीची वाट बघत पहिला पावसाळा मात्र घालवू नका. मातृवृक्ष लावायला मंजुरी लागत नाही.

पुढे रोपं विकायची झाली आणि त्यात आंबा, संत्र्यासारखी फळझाडांची कलमं असतील, तर 1969 च्या राज्य कायद्याप्रमाणे कृषी विभागाचा रोपवाटिका परवाना लागतो. संत्र्याच्या पट्ट्यात हा मोह सगळ्यांना होतो, म्हणून आधीच सांगून ठेवा.

बॅच संपल्यावर

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्राबरोबर एक सिकेटर आणि स्वतः केलेल्या कलमांच्या 25 पिशव्या प्रत्येकाच्या हातात द्या. सुरुवातीला केलेली गिऱ्हाइकांची यादी परत काढा आणि दोघा-दोघांच्या जोड्या करून त्यांना तिथे घेऊन जा. पहिल्या भेटीत तुम्ही बरोबर असा, पण दर त्यांनाच सांगू द्या.

एक वही ठेवा. तीन, सहा आणि बारा महिन्यांनी प्रत्येकाकडे जाऊन विचारा: किती ठिकाणी काम आहे, पैसे वेळेवर मिळतात का, किती रोपं जगली, काय शिकवायला हवं होतं? सहाव्या महिन्याची भेट मेमध्ये पडेल असं बघा, कारण कोणाची बाग उभी आहे ते तेव्हाच कळतं. ज्यांची उभी असेल त्यांतल्या दोघींना पुढच्या बॅचला मानधन देऊन शिकवायला बोलवा.